इथंच ना?

बॅग तपासणाऱ्या बाईंनी माझा माउथवॉश काढून बाजूला ठेवला, तेव्हा ताईला हसू आलं.

“त्यात अल्कोहोल असतं,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी आफ्टरशेव्ह काढलं, खोकल्याचं औषध काढलं, पेनांची टोपणं उघडून आत पाहिलं, मोज्यांचे गोळे उलगडले आणि होते तसे परत गुंडाळले. काम इतकं सफाईचं होतं की अपमान वाटून घ्यायला जागा नव्हती. मी भूलतज्ज्ञ आहे. टेबलावर झोपलेल्या माणसाची अंगठी, कवळी, चष्मा काढून घेताना मीही वर्षानुवर्षं तोच चेहरा वापरला होता.

ताई माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊ-माखू घालण्यापासून कॉलेजात पोचवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. तिचं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तीच तपासते, काचाही तीच बसवते. हॉस्पिटलच्या मेट्रननं तिला फोन केला, तेव्हा तिनं हातातली फ्रेम खाली ठेवली, दुकानाला कुलूप लावलं आणि तडक माझ्याकडे आली. ऑपरेशननंतर कुपीत उरलेलं वेदनाशामक मी स्वतःला टोचून घेत होतो. त्याची चौकशी झाली, कुणा पेशंटला इजा झालेली नव्हती, मला कामावरून दूर केलं गेलं. ते सगळं रीतसर पार पडलं आणि इथं त्याचा संबंध नाही.

“झालं,” ताई म्हणाली. “आता बस जावयासारखा आयतं खात.”

आवाज नेहमीचाच होता, पण हातातला किल्ल्यांचा जुडगा सारखा वाजत होता.

व्यसनमुक्तीचं ते केंद्र पूर्वी घड्याळांचा कारखाना होतं. लांबलचक एकमजली इमारत, आणि उत्तरेच्या बाजूला भिंतभर खिडक्या. बारीक काम करणाऱ्याला सावली न पाडणारा उजेड लागतो. तो उजेड आता आमच्यावर पडायचा. दाढी नीट झालेली नाही, नखांत मळ आहे, माणूस रडून आलाय, सगळं दिसायचं. त्या इमारतीत काळोखा कोपरा म्हणून नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यातलं काहीही अंधारात घडलेलं नाही.

केंद्राचा डॉक्टर माझ्यापेक्षा बराच तरुण होता. मी कोण हे ठाऊक असूनही त्यानं मला कुठल्याही पेशंटला सांगावं तसं सगळं सांगितलं. आधी शरीर सुटं होईल, मग मन, आणि मग सवयी. शेवटचं काम सगळ्यात लांबतं आणि ते इथून गेल्यावरच खरं सुरू होतं. “फ्लूसारखं वाटेल,” तो म्हणाला. “फक्त फ्लूत माणूस आई आई करत नाही.”

मला हे पुस्तकात वाचून पाठ होतं. पण जावे त्याच्या वंशा. आधी जांभया आल्या. एकीतून दुसरी, जबडा दुखेपर्यंत. मग नाकाडोळ्यांतून धार लागली. अंगावर काटा आला तो बसेचना. पाय आपोआप झटकले जात. चादर अंगाला लागली की सोसवायची नाही आणि काढली की थंडीनं दात वाजायचे. गोळ्या मिळत होत्या, त्या मोजून कमी केल्या जात होत्या. सलाइन लावणारी सिस्टर माझ्या शिरा शोधताना काही बोलली नाही, यासाठी मी तिचा अजूनही ऋणी आहे. मग एका दुपारी सूपला मिठाची चव लागली. डॉक्टर म्हणाला, “आता तुम्ही हॉलमध्ये जायला हरकत नाही.”

हॉलमध्ये आम्ही दहा-बारा जण होतो. सकाळी आपापली गादी नीट करायची, फरशी पुसायची, व्यायाम करायचा. जेवणाआधी सगळ्यांनी खुर्च्या गोल मांडून बसायचं. त्या गोलात मॅडम असायच्या. त्या समुपदेशक, पन्नाशीच्या पुढच्या, आखूड केसांच्या. कोणे एके काळी त्याही याच इमारतीत पेशंट म्हणून आल्या होत्या, हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगून टाकलं. त्या एक गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवायच्या. तलफ येते, चढते, आणि तिला काही दिलं नाही तर उतरते. ती उतरेपर्यंत बसून राहायचं. बस्स.

“एवढंच?” मी विचारलं होतं.

“एवढंच. करून बघा.”

केंद्रात नावं फारशी वापरत नसत. एक ट्रक चालवणारा होता, त्याला सगळे ड्रायव्हर म्हणत. गणित शिकवून निवृत्त झालेले एक होते, ते मास्तर. माझं नाव ड्रायव्हरनं पहिल्या जेवणालाच पाडलं होतं. “डॉक्टर गुंगीवाले.” मी हसलो होतो. बऱ्याच दिवसांनी हसलो होतो, म्हणून लक्षात आहे.

गोलात रोज एकानं आपली ‘पहिली वेळ’ सांगायची असे. नशा पहिल्यांदा कधी, कुठं, कशी. का ते विचारायचं नाही, कारण ‘का’वर सगळ्यांची भाषणं तयार असतात, असं मॅडम म्हणत.

ड्रायव्हरची पाळी आली. तो बोलघेवडा माणूस, त्यानं सांगायला सुरुवातही हातवारे करतच केली. माल भरून वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागली होती. भर दुपार. त्याची मान आखडली होती, डावीकडे वळतच नव्हती. तेवढ्यात कुणीतरी केबिनच्या पायरीवर चढलं. पन्नाशीचा माणूस, सभ्य, साधा. काटेवाल्याचा कारकून असेल असं त्याला वाटलं.

“त्यानं काही विचारलंच नाही,” ड्रायव्हर म्हणाला. “खिडकीतून हात आत घातला, माझ्या खांद्याच्या मागं बरोबर त्या गाठीवर ठेवला आणि म्हणाला, ‘इथंच ना?’”

“मग?”

“मग काय, मी हो म्हटलं. त्यानं गोळी दिली.” त्याचे हातवारे बंद झाले. “एक गंमत सांगू? आजूबाजूला नुसतं डिझेल आणि धूळ. आणि त्याच्या अंगाला इस्त्रीचा वास. आत्ता, या मिनिटाला इस्त्री केलेल्या कापडाचा. हातही तसाच गरम.”

मॅडम म्हणाल्या, “तुम्ही हो म्हणालात, ते पुन्हा सांगा.” ड्रायव्हरनं ते पुन्हा सांगितलं. आम्ही जेवायला उठलो.

पुढं काही दिवसांनी मास्तर बोलले. ते फारसं बोलत नसत, आणि बोलले की फळ्यावर लिहिल्यासारखं बोलत. ही गोष्ट खूप जुनी होती, ड्रायव्हर तेव्हा जन्मलाही नसेल. परीक्षा चालू होती. मास्तरांची दाढ ठणकत होती. शिक्षकांच्या खोलीत ते एकटे बसलेले असताना दारातून एक गृहस्थ आत आले. कुणा विद्यार्थ्याचे वडील असावेत. पन्नाशीचे.

“त्यांनी माझ्या गालाला हात लावला,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज रागानं बारीक झाला होता. “परक्या माणसानं. आणि मी लावू दिला. मी! आमच्या घरात माझा भाऊसुद्धा माझ्या जवळ बसायला कचरत असे.”

ड्रायव्हर खुर्चीच्या कडेवर आला होता.

“काय म्हणाला तो?” त्यानं विचारलं.

“तुम्हाला ठाऊक आहे काय म्हणाला.”

मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. मग नेहमीच्या स्वरात म्हणाल्या, “आणि तुम्ही काय म्हणालात, मास्तर?”

मी या सगळ्याकडे डॉक्टर म्हणून पाहत होतो, आणि डॉक्टर म्हणून मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आठवण ही काही कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. दर वेळी काढताना ती नव्यानं बनते. एकानं रंगवून सांगितलं की दुसऱ्याच्या जुन्या गोष्टीलाही तोच रंग चढतो. मास्तरांनी ड्रायव्हरचं ऐकलं होतं, एवढं कारण मला पुरेसं होतं. तरी मनातून जाईना. पडताळा घ्यायचा तर गोलात कधीच न बसलेला माणूस हवा होता.

तो सुताराच्या रूपानं आला. त्याला नुकतंच दाखल केलं होतं. तो अजून पलीकडच्या वॉर्डात, जांभया आणि थंडीच्या पायरीवर होता. दुपारचं सूप त्या वॉर्डात पोचवायचं काम त्या आठवड्यात माझ्याकडे होतं. मी त्याच्या खाटेशी बसलो आणि रोग्याची हकीकत घेतात तशी घेतली. आपण शब्द सुचवायचे नाहीत, फक्त ‘मग?’ म्हणायचं.

त्याचा अंगठा रंधायंत्रात गेला होता. जखम भरली, पण दुखणं राहिलं. लाकडाच्या वखारीत फळ्या निवडत असताना एक जण भेटला.

“कोण?”

“माहीत नाही. पन्नाशीचा होता, वखारीतलाच असेल. चांगला वाटला.”

“मग?”

“मग त्यानं हात ठेवला.”

“अंगठ्यावर?”

विचारायला नको होतं. पण सुतारानं नकारार्थी मान हलवली. त्याच्या नाकातून पाणी गळत होतं, ते त्यानं बाहीला पुसलं.

“अंगठा तर सगळेच बघायचे हो. त्यानं इथं ठेवला.” त्यानं छातीच्या खाली, बरगड्या संपतात तिथं हात नेला. “अंगठ्याचं असं झाल्यावर बाप म्हणाला, आता तू काय कामाचा. दुकान धाकट्याला दिलं. तेव्हापासून इथं दुखायचं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं तिथंच हात ठेवला आणि म्हणाला, इथंच ना.”

सूप गार होत होतं. मी चमचा त्याच्या हातात दिला.

“अजून काही आठवतं?”

तो जरासा लाजून म्हणाला, “त्याचे कपडे फार चांगले धुतलेले होते. परटाच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं.”

मी मॅडमच्या खोलीत गेलो. छोटी खोली, टेबल, दोन खुर्च्या, खिडकीतून पडलेला स्वच्छ उजेड. मी सगळं क्रमानं सांगितलं. तीन माणसं, तीन वेगळी गावं, वेगळी वर्षं. माणूस मात्र त्याच वयाचा. मी म्हणालो, काहीतरी कारण असेलच, पण ते मला सापडत नाहीये.

त्यांनी मध्ये एकदाही मला थांबवलं नाही. त्यांचा डावा हात मात्र हळूहळू वर गेला आणि गळ्याखालच्या हाडावर जाऊन बसला. त्यांच्या ते ध्यानातही आलं नसावं.

“तुम्ही हे आधी ऐकलंय,” मी म्हणालो.

“तो कोण, हा प्रश्न इथं कामाचा नाही, डॉक्टर. तुम्ही हो का म्हणालात, हा कामाचा आहे.”

“पण मला कुणी भेटलंच नाही. मी एकटा होतो.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “उद्या तुमची पाळी आहे. तुमचं तेवढं सांगा.”

दुसऱ्या दिवशी खुर्च्या मांडल्या गेल्या. मी सांगायला लागलो. फार लांबलेलं ऑपरेशन, सतत उभं राहून धरलेली कंबर, पेशंट सुखरूप बाहेर गेलेला. कुपीत थोडं औषध उरलेलं. ते ओतून टाकायचं आणि तसं लिहायचं, हा नियम. मी ती कुपी खिशात घातली आणि कपडे बदलायच्या खोलीत गेलो. दाराला आतून कडी घातली. बाकावर बसलो. दिवा लख्ख होता. खोलीत मी, लोखंडी कपाटं, आणि लॉन्ड्रीतून आलेल्या हिरव्या कपड्यांची चळत. दुसरं कुणी नाही.

“आणि तो?” ड्रायव्हरनं विचारलं.

“सांगितलं ना, कुणी नव्हतं. कडी आतून होती.”

“डॉक्टर,” ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाला, “तुमचा हात बघा.”

माझा उजवा हात माझ्या पाठीमागं होता. कंबरेच्या वर, मणक्याला लागून, तळवा सपाट टेकलेला. आता तिथं दुखत नव्हतं. मी तो तिथं कधी नेला ते मला कळलं नव्हतं.

मी हात काढून मांडीवर ठेवला.

आणि मला ऊब आठवली. बाकावर बसल्यावर पाठीला जाणवलेली ऊब. भिंतीतून गरम पाण्याचा नळ गेला असेल असं मी तेव्हा धरून चाललो होतो. वासही होताच. पण लॉन्ड्रीतून आलेल्या कपड्यांना इस्त्रीचा वास येणारच, त्यात काय लक्षात ठेवायचं?

“तुम्ही काय म्हणालात?” मॅडमनी विचारलं.

मी म्हणणार होतो, काहीच नाही, एकटा माणूस कशाला काय म्हणेल. पण ते खरं नव्हतं. सुई हातात घेण्याआधी मी बोललो होतो. मोठ्यानं, स्पष्ट, कपाटांच्या पत्र्यावरून आवाज परत आला होता.

मी ‘हो’ म्हणालो होतो.

त्या दिवशी जेवताना माझी कुणी थट्टा केली नाही. मास्तरांनी त्यांच्या वाटणीचं केळं माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि निघून गेले.

रविवारी घरच्यांची भेट असे. भेटीआधी मॅडम सगळ्या नातेवाइकांना एकत्र बसवून बोलत. घरी गेल्यावर काय होईल, काय विचारायचं, काय नाही, घरातली औषधं कुठं ठेवायची, पुन्हा घसरला तर आकांत न करता इथं फोन कसा करायचा. ते बोलणं सुरू होईपर्यंत आलेली माणसं बाहेरच्या पडवीत बाकांवर थांबत. पडवी उघडी, समोर अंगण, ऊन.

ताई लवकर पोचली होती. बसचा लांबचा प्रवास, तोही उभ्यानं. तिचा सुती शर्ट चोळामोळा झाला होता. मॅडमचं बोलणं आटोपल्यावर मी गेलो तेव्हा ती पुन्हा बाकाच्या एका टोकाला येऊन बसली होती. मला पाहून उठली, माझ्या गालावरून हात फिरवला, “अंग धरलंस रे,” म्हणाली. आणि तिचे डोळे भरून आले.

“मॅडमचं बोलणं ऐकून रडू आलं?”

“नाही, आधीच येऊन गेलं.” ती हसली. “तुमच्याकडचे ते एक गृहस्थ आहेत ना, त्यांनी रडवलं. फार चांगले आहेत रे.”

“कोण गृहस्थ?”

“ते काय, पन्नाशीचे. मी इथं बसले होते, ते शेजारी येऊन बसले. सगळे मला तुझंच विचारतात बघ. दुकानात, गल्लीत, फोनवर. भाऊ कसा आहे, खातो का, सुधारेल का. मी सांगते. सांगत राहते. यांनी तुझं नावसुद्धा काढलं नाही.”

“मग काय केलं?”

तिनं आपला हात छातीवर, गळ्याच्या थोडा खाली ठेवला.

“मला म्हणाले, ‘इथंच ना?’”

अंगणात कुणाचं तरी मूल पळत होतं. ताईनं हात काढला. चुरगळलेल्या शर्टावर त्या जागी तळव्याएवढं कापड अगदी गुळगुळीत होतं. एकही सुरकुती नव्हती. पाच बोटांच्या कडा दिसत होत्या, आणि ती बोटं ताईच्या बोटांपेक्षा लांब होती.

“ताई, त्यांनी तुला काही दिलं?”

“झोप लागत नाही म्हटलं, तर एक गोळी दिली. अर्धीच घे म्हणाले. अर्धी घेतली मी.” तिला माझा चेहरा दिसला असावा. “अरे, इथलेच आहेत ना ते? इथं कुणी वाईट गोळी देईल का?”

“उरलेली कुठं आहे?”

तिनं मूठ उघडली. अर्धी पांढरी गोळी होती. मी ती उचलली.

ती मी ओळखली. तिचं नाव, तिची मात्रा, ती पोटात गेल्यावर किती वेळानं खांदे सैल पडतात, सगळं मला ठाऊक होतं. ती माझ्या तळहातावर होती आणि तोंडाला पाणी सुटलं होतं. ताई समोर उभी होती. मला कळत होतं की ताईला काय झालं हा विचार मागं पडलाय आणि समोर फक्त ती गोळी उरली आहे. मी बसलो नाही, थांबलो नाही. मूठ मिटून मॅडमच्या खोलीपर्यंत चालत गेलो आणि त्यांच्या टेबलावर मूठ उघडली. बोटं उघडायला वेळ लागला.

त्यांनी गोळी संडासात टाकून पाणी सोडलं. मग दारात आलेल्या ताईकडे पाहिलं. तिच्या शर्टाकडे पाहिलं.

“तुम्ही त्यांना काय म्हणालात?” मॅडमनी विचारलं.

“काय म्हणणार?” ताई म्हणाली. “हो म्हटलं.”

मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. गोळीबद्दल स्पष्ट सांगितलं, पुन्हा कुणी काही दिलं तर घेऊ नका, आणि घेतलंच तर लपवू नका, मला फोन करा. ताईनं शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. पडवीत पाणी वाटणाऱ्या सिस्टरला मी नंतर विचारलं. ती म्हणाली, त्या बाई एकट्याच होत्या. मग जरा आठवून म्हणाली, “पण बाक सगळा रिकामा असून अगदी टोकाला बसल्या होत्या. कुणाला तरी जागा करून दिल्यासारख्या.”

माझे उपचार पूर्ण झाले. मी बरा आहे. हा शब्द केंद्रात वापरत नाहीत, तिथं ‘आजचा दिवस झाला’ असं म्हणतात, पण समजायला सोपं म्हणून वापरतो. ऑपरेशन थिएटरमध्ये मी परत गेलो नाही. परिचारिकांच्या कॉलेजात शरीरशास्त्र शिकवतो. ड्रायव्हर पुन्हा गाडीवर जातो आणि अधूनमधून फोन करून “काय गुंगीवाले?” म्हणतो. मास्तर एकदा घसरले, परत आले, पुन्हा उभे राहिले. ठरलेल्या दिवशी मी केंद्रात जातो, गोलात बसतो. तलफ येते, चढते आणि उतरते. मॅडम म्हणाल्या होत्या ते खरं निघालं, एवढंच आहे. त्या माणसाबद्दल मी कुणाशी बोलत नाही.

ताईला मी भेटलो की विचारत असे, झोप लागते का. ती म्हणायची, लागते की. अजून काही दुखतंखुपतं? छे रे. ती खरंच प्रसन्न दिसायची. पूर्वीसारखी वसवस करत नसे. गिऱ्हाईकानं फ्रेम मोडून आणली तरी हसून बदलून द्यायची. मला वाटलं, माझी काळजी मिटली म्हणून असेल. तसं वाटणं मला बरं पडत होतं.

परवा दुपारी मी दुकानात गेलो. वर्गात हातातल्या पुस्तकातली अक्षरं मला पुसट दिसत होती.

“चाळिशी लागली तुला,” ताई म्हणाली. “चल, बस. नंबर बघते.”

तिनं मला तपासणीच्या खोलीत नेलं. दार लोटलं, पडदा ओढला, दिवा घालवला. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तेवढा फलक उजळलेला राहिला. तिनं माझ्या नाकावर ती जड चाचणीची फ्रेम चढवली, तिच्यात काच सरकवली आणि ती नीट बसली का पाहायला खाली वाकली. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर आला.

भूलतज्ज्ञाला डोळ्यांच्या बाहुल्या पाहायची सवय असते. ती जाता जात नाही. काळोखात बाहुली पसरते, इतकी की बुबुळाचा रंग जेमतेम कडेला उरतो. निरोगी माणसाच्या डोळ्याला ते थांबवता येत नाही. थांबवणारी औषधं मोजकीच आहेत, आणि त्यातली बहुतेक मला जवळून माहीत आहेत.

फलकाच्या उजेडात ताईचे डोळे शांत दिसत होते. दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या.

“वरची ओळ वाच,” ती म्हणाली.

मी वाचली.

“त्याखालची.”

मी हात लांब करून भिंतीवरचं बटण दाबलं. खोलीत लख्ख उजेड पडला. ताईनं डोळे मिटले नाहीत, मान वळवली नाही. बाहुल्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

“अरे, अजून दोन ओळी राहिल्यात,” ती मायेनं म्हणाली, आणि तिनं दिवा पुन्हा घालवला.